नातीची बासरी आणि पाण्याखालचं गाव

बासरीचा कार्यक्रम म्हटला की डोळ्यांपुढे काय येतं? पांढरी गादी, मागे तानपुरा, शेजारी तबला आणि मधोमध शाल पांघरून बसलेले बुवा. निदान माझ्या वयाच्या लोकांना तरी हेच दिसतं. त्यामुळे नात जेव्हा म्हणाली, "आजी, मी एकटीच वाजवणार, तबला नाही, मागच्या पडद्यावर चित्रं असतील आणि मधूनमधून तुझा आवाज येईल," तेव्हा मला काहीएक उमगलं नाही. बासरीत माझा आवाज कशाला? मी तर शाळेत प्रार्थनेलाही हळू म्हणायचे!

नात नेदरलँड्समध्ये नोकरी करते. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पण पुण्यात असताना दहा-बारा वर्षं बासरी शिकली आणि तिकडे गेल्यावरही ती सोडली नाही. तिकडच्या एका छोट्या सभागृहात तिने तासाभराचा एक कार्यक्रम केला. विषय "घर", म्हणजे घर असणं, घर सुटणं आणि घर दुसरीकडे करणं. डिसेंबरात सुट्टीवर आली तेव्हा तोच कार्यक्रम तिने जामनेरला आमच्या घरी केला. पुढच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं, भिंतीवर पांढरी चादर आणि भाड्याने आणलेला प्रोजेक्टर. जे नातेवाईक आले होते त्यांना हे माहीत आहेच. जे आले नाहीत त्यांच्यासाठी आणि माझ्या नेहमीच्या वाचकांसाठी थोडं सविस्तर लिहिते. त्या संध्याकाळनंतर डोक्यात बरंच काही घोळतं आहे.

आधी तयारीबद्दल सांगते. नातीने मला काम दिलं होतं आवाज गोळा करण्याचं. "आजी, तुझ्या घराचे आवाज मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठव." मी म्हटलं, त्यात काय अवघड? वही घेतली आणि शिक्षिकेच्या सवयीने क्रमांक घालून यादी केली. जात्याची घरघर. विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर. संध्याकाळी गुरं परतताना वाजणाऱ्या घंटा. दूरच्या शेतातल्या ऑइल इंजिनचा ठोका. पी.जे.ची शिट्टी. यादी झाली आणि लक्षात आलं की यातला एकही आवाज आता माझ्या घरातून ऐकू येत नाही. जातं अंगणात उलटं पडलं आहे, त्यावर तुळशीची कुंडी ठेवली आहे. विहीर बुजवली. शेतात विजेचे पंप आले. आता माझ्या घराचे आवाज म्हणजे मिक्सर, गल्लीतल्या मोटारसायकली आणि पाण्याची मोटर.

पी.जे. म्हणजे काय ते बाहेरगावच्या वाचकांना सांगायला हवं. पाचोरा-जामनेर ही आमची छोटी रेल्वे. नॅरोगेज, दोन रुळांमधलं अंतर अडीच फूट. पाचोऱ्याहून निघायची, वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर करत जामनेरला यायची. छप्पन्न किलोमीटर. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सुरू झाली आणि जवळजवळ शंभर वर्षं धावली. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे सगळ्या गाड्या थांबल्या तेव्हा ती थांबली. बाकीच्या गाड्या पुन्हा धावू लागल्या, ही मात्र पुन्हा सुटली नाही. आता तिथे ब्रॉडगेज करायचं ठरलं आहे. ते होईल, चांगलंच होईल, पण ती शिट्टी काही येणार नाही. माझ्याकडे तिचा आवाज कुठून असणार? जी गोष्ट रोज ऐकू येते ती कोणी जपून ठेवत नाही. शेवटी भाच्याच्या जुन्या फोनमध्ये २०१८ सालचा एक व्हिडिओ सापडला. शेंदुर्णीला जाताना कुणाच्या तरी बाळाचा काढलेला. बाळ हसतंय आणि मागे शिट्टी. नातीला तीच पाठवली.

असो. आता गावाबद्दल.

माझं माहेर तापीकाठचं. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांना ठाऊक आहे आणि इतरांना सांगून उपयोग नाही, कारण ते आता हतनूर धरणाच्या पाण्याखाली आहे. भुसावळच्या वरच्या अंगाला, तापी-पूर्णेच्या संगमाच्या थोडं खाली हे धरण १९८२ साली पूर्ण झालं. एक्केचाळीस दरवाजे आहेत. पावसाळ्यात दरवाजे उघडले की बातमीत नाव येतं, एरवी कोणी आठवण काढत नाही. मागे पसरलेल्या पाण्यात रावेर, मुक्ताईनगरकडच्या बऱ्याच गावांच्या जमिनी गेल्या, काही गावठाणंच गेली. आमचं त्यातलं एक.

मी तेव्हा सासरी होते. माझं लग्न १९७३ सालचं, मोठ्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यातलं. जळगावला एम.जे. कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झाले होते (आमच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का, आपल्या जळगावचं विद्यापीठ १९९० सालचं). जामनेरला शिक्षिकेची नोकरी लागली आणि इथलीच झाले. गाव उठलं तेव्हा मी सातवीच्या मुलांचे पेपर तपासत होते. भावांनी घराचे वासे, दारं, खिडक्या काढून बैलगाडीत घातल्या आणि नव्या गावठाणात नेल्या. भिंती मातीच्या, त्या काय नेणार? आईने चुलीतली राख एका डब्यात भरून घेतली होती असं वहिनी सांगते. का घेतली, तिला विचारायचं राहून गेलं. नव्या घराला जुनंच दार बसवलं. चौकट नवी, दार जुनं. त्यामुळे ते कधी नीट लागलं नाही, पावसाळ्यात तर लाथ मारूनच लावावं लागतं. अजूनही तसंच आहे.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरतं. मग गाळाची जमीन उघडी पडते, तिला गाळपेर म्हणतात. लोक तिथे टरबूज, डांगर लावतात. पाणी खूपच उतरलं तर आमच्या गावाचे काही अवशेष दिसतात. मारुतीच्या पाराचा चौथरा. एका आडाचं तोंड. दोन-चार घरांची जोती. ते दिवस म्हणजे नेमके आखाजीच्या आसपासचे. खान्देशाबाहेरच्या वाचकांनो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षाही सासुरवाशिणीला हिची ओढ जास्त. झाडाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, पुरणपोळी आणि आमरस खायचा. लेकीबाळी माहेरी येतात तेव्हाच नेमकं आमचं माहेर पाण्यातून थोडंसं डोकं वर काढतं! याला योगायोग म्हणावं की आणखी काही ते मला ठरवता येत नाही. गेल्या आखाजीला पुतण्याने तिथे जाऊन मोबाईलवर चित्रण केलं आणि नातीला पाठवलं.

आता बासरीकडे येते, कारण तिच्या निमित्ताने मी पुष्कळ वाचलं आणि नातीनेही पुष्कळ सांगितलं.

बासरी हे वाद्यच मुळात घर सोडून आलेलं आहे, असं ती म्हणाली. तिच्या बासरीचा बांबू आसामातल्या सिलचरकडचा. लांब पेऱ्याचा, पातळ भिंतीचा बांबू तिकडे मिळतो. तो कापायचा, वाळवायचा, तापलेल्या सळईने भोकं पाडायची. म्हणजे बेटातून तुटल्याशिवाय आणि अंगाला भोकं पडल्याशिवाय तो बोलत नाही. हा विचार फार जुना आहे. तेराव्या शतकातला रूमी हा फारसी कवी बल्खकडून, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातून, कुटुंबासह निघाला आणि तुर्कस्तानात कोन्याला स्थायिक झाला. त्याच्या मसनवी या मोठ्या ग्रंथाची सुरुवातच बेटातून तोडलेल्या बासरीच्या गाऱ्हाण्याने होते. रूमी गेला १२७३ साली आणि आपले ज्ञानोबा जन्मले १२७५ साली. ज्यांना आळंदीत घर उरलं नाही त्या भावंडांतली मुक्ताई आमच्याच तापीकाठी गुप्त झाली असं आपण मानतो. हे सगळं एकत्र डोक्यात आलं तेव्हा मला जरा गंमतच वाटली.

पन्नालाल घोष यांचं नाव तर आमच्या पिढीने रेडिओवर ऐकलेलं. पण त्यांच्याविषयी एक गोष्ट मी कधी लक्षात घेतली नव्हती. त्यांचा जन्म १९११ साली बारिसालला झाला. नद्यांचा मुलूख, नावाड्यांची गाणी. तिथून ते कोलकात्याला आले, १९४० साली मुंबईला आले, बॉम्बे टॉकीजच्या 'बसंत' या १९४२ च्या चित्रपटाला संगीत दिलं. पूर्वीची बासरी छोटी, उंच आवाजाची. तिच्यावर ख्यालासारखा संथ, खोल आलाप करायचा तर लांब बासरी हवी, म्हणून त्यांनी ती बत्तीस इंचांपर्यंत वाढवली. आज शास्त्रीय मैफलीत जी मोठी बासरी दिसते ती त्यांची देणगी. पुढे आकाशवाणीच्या कामासाठी दिल्लीला गेले आणि तिथेच १९६० साली वारले. ते मुंबईत असताना १९४७ साली फाळणी झाली आणि त्यांचं जन्मगाव दुसऱ्या देशात गेलं. ते जागचे हलले नव्हते, हललं ते गाव! आमच्या बाबतीतही तसंच झालं. मी जामनेरलाच होते, गाव गेलं.

आणखी एक सांगते. नातीच्या एका बासरीला तिकडे तडा गेला. थंडीच्या दिवसांत घरात हीटर चालू, हवा कोरडी, बांबू सुकतो आणि चिरतो. म्हणून बासरीवर ठिकठिकाणी दोरा घट्ट गुंडाळतात, आतून तेलाचा हात देतात. थंडीत सूर उतरतो, उन्हाळ्यात चढतो. म्हणजे एकच बासरी नेदरलँड्सच्या जानेवारीत वेगळी बोलते आणि जामनेरच्या मे महिन्यात वेगळी. मी म्हटलं, मग तिचा खरा सूर कुठला? ती हसली. म्हणाली, "आजी, वाजवण्याआधी बासरी हातात धरून थोडी गरम करायची, फुंकर घालायची. मग ती जिथे असते तिथली होते."

कार्यक्रमाची सुरुवात मारव्याने झाली. ज्यांना रागदारीची आवड नाही त्यांच्यासाठी सांगते. (मलाही फारसं कळत नाही, नातीने समजावलं तेवढंच सांगते.) गाण्यात 'सा' म्हणजे घर. तानपुऱ्यावर तो सतत वाजत असतो, कलाकार कितीही लांब फिरला तरी परत साकडे येतो आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं. मारवा हा संध्याकाळचा राग. त्यात पंचम नाहीच, आणि सा असून कलाकार तो टाळत राहतो. कोमल रिषभावर थांबतो, धैवतावर थांबतो, साच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि मागे फिरतो. दिवेलागणीला घरी कोणी नसलं की जीव कसा होतो तसं वाटत राहतं. चादरीवर तेव्हा धरणाचं पाणी दिसत होतं. नुसतं पाणी, संध्याकाळचं. त्यावर बदकं. हिवाळ्यात हतनूरला दूरदेशीचे पक्षी उतरतात, त्यांचं ते हक्काचं मुक्कामाचं ठिकाण झालं आहे. आमच्या गावावर पोहणारे ते पाहुणे मी पहिल्यांदाच एवढे जवळून पाहिले.

मग तिने एक नवीन प्रकार केला. तिने आपलीच बासरी आधी वेगवेगळ्या ठिकाणी वाजवून रेकॉर्ड केली होती, ती यंत्रातून वाजू लागली आणि ती त्याच्यावर प्रत्यक्ष वाजवू लागली. अमेरिकेतल्या स्टीव्ह राइश नावाच्या संगीतकाराने १९८२ साली अशी एक रचना केली आहे म्हणे, 'व्हर्माँट काउंटरपॉइंट' नावाची. दहा बासऱ्या ध्वनिफितीवर आणि एक प्रत्यक्ष. नेमकं १९८२, हतनूरचंच साल! आपल्या पद्धतीत हे बसत नाही, पण ऐकताना वाटलं की एक मुलगी एकटीच बसली आहे आणि तिच्याभोवती तिच्याच वेगवेगळ्या वयातल्या मुली गात आहेत. मधेच पी.जे.ची शिट्टी वाजली. खोलीत बसलेली सगळी माणसं एकदम हलली. शेजारच्या काकूंनी तर दाराकडे बघितलं!

मग माझा आवाज आला. मी फोनवर तिला आमच्या जुन्या घरात कुठे काय होतं ते सांगितलं होतं. ओटा, मग सोपा, मग माजघर, उजव्या हाताला देवघर, मागे न्हाणी, न्हाणीमागे लिंबाचं झाड. एवढंच. मी बोलत होते आणि चादरीवर उन्हाळ्यातलं उघडं पडलेलं जोतं दिसत होतं, ज्यावर यातलं काहीही नव्हतं. बासरी त्या वेळी गप्प होती. मग हळूच देस सुरू झाला. आकाशवाणीवर सकाळी लागणारं वंदे मातरम् आपण ऐकत आलो, तो राग. शेवटी सा लागला आणि ती थांबली.

खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही. दोन-तीन जणी डोळे पुसत होत्या. त्यात मीही होते.

आणि मग नाना बोलले. नाना म्हणजे माझे चुलतभाऊ, वय ब्याऐंशी. गाव उठलं तेव्हा त्यांनीच पुढे राहून सगळी कामं केली होती. ते म्हणाले, "पोरी, वाजवलं छान. पण एक सांगू का? तू आम्हाला फार बिचारं करून टाकलं."

सगळे चपापले. नाना पुढे बोलत राहिले. त्या गावात दर पावसाळ्यात पाणी शिरायचं, लोक रात्रभर कंदील घेऊन जागे बसायचे. रस्ता नव्हता, बाळंतीण बाई बैलगाडीत न्यावी लागायची आणि दोघी वाटेतच गेल्या. शाळा चौथीपर्यंत. नव्या गावठाणात डांबरी रस्ता आला, एस.टी. आली, दहावीपर्यंत शाळा झाली. "माझ्या तिन्ही पोरी शिकल्या त्या नव्या गावात. जुन्या गावात राहिलो असतो तर चुलीपुढे बसल्या असत्या. तुझी आजी ज्या घरासाठी रडते ते घर तिने लग्नातच सोडलं होतं. आम्ही राहिलो होतो तिथे."

हे शेवटचं वाक्य मला लागलं, लपवत नाही. पण त्यावर मोठ्या वहिनी उठल्या. त्या कधी चारचौघांत बोलत नाहीत. म्हणाल्या, "रस्ता मिळाला, खरं आहे. पण रस्ता पाहिजे होता म्हणून कोणी गाव मागितलं नव्हतं. पाणी यावल-चोपड्याच्या केळीला गेलं, भुसावळला गेलं, दीपनगरच्या वीज केंद्राला गेलं. जावं की, कोणाची ना नाही. पण मोबदल्याचे पैसे हातात पडेपर्यंत जमिनीचे भाव दुप्पट झाले, ते विसरलात? आणि नदीवर धुणं धुताना चार बाया भेटायच्या, ते नळावर नाही हो भेटत कोणी." नाना म्हणाले, "तेही खरं आहे."

नातीने काही वाद घातला नाही. तिने नानांना विचारलं, "आजोबा, हे सगळं तुमच्या आवाजात पुन्हा सांगाल का? पुढच्या वेळी कार्यक्रमात घालीन." दुसऱ्या दिवशी नानांनी स्वच्छ धोतर नेसून तासभर रेकॉर्डिंग दिलं. मला वाटतं, आता तो कार्यक्रम जास्त खरा होईल.

मुळात विस्थापन हा शब्द आमच्या भाषेत बोलण्यातला नाहीच. तो कागदावरचा आहे. आमचे लोक म्हणतात, गाव उठलं. महाराष्ट्राला हे काही नवीन नाही. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो १९२१ साली. मग कोयना झालं. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा राज्याने १९७६ साली केला. आमच्या शेजारी, तेव्हाच्या धुळे आणि १९९८ पासूनच्या नंदुरबार जिल्ह्यात, सरदार सरोवरात तेहतीस आदिवासी गावं बाधित झाली, मणिबेलीपासून पुढची. सातपुड्यातल्या त्या माणसांना डोंगर आणि नर्मदा सोडून तळोद्याकडच्या सपाटीवर यावं लागलं. त्यांच्यापुढे आमचं दुःख लहान आहे. आम्ही गेलो ते तीन किलोमीटरवर. तीच बोली, तीच सोयरीक, तोच बाजार.

पण नानांच्या त्या वाक्याचा मी फार विचार केला. लग्नातच घर सोडलं होतं. खरंच आहे की! बाईला घर सोडावं लागतं हे आपण इतकं गृहीत धरलं आहे की त्याला कोणी दुःखाचं नावसुद्धा देत नाही. आपल्या बहिणाबाईंचं बघा. जन्म १८८० चा, असोद्याचा, आणि सासर जळगाव. अंतर किती? चार-पाच मैल. तरी माहेर हा विषय त्यांच्या कवितेत सारखा येतो. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बाईने जे जात्यावर, शेतात म्हटलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी टिपून ठेवलं आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तक निघालं. नाहीतर ते आवाजही पी.जे.च्या शिट्टीसारखे गेले असते. मला तर वाटतं, माहेर म्हणजे घर नव्हेच, परत जाण्याचा हक्क म्हणजे माहेर. सासुरवाशीण जाते ती परत येता येतं म्हणून. धरणाने माझं घर नेलं नाही, ते मी आधीच सोडलं होतं. धरणाने माझं परत जाणं नेलं. नानांना त्या दिवशी उत्तर सुचलं नाही. ते हे वाचतात, म्हणून इथे लिहिते.

नात राहते तिकडची एक गोष्ट सांगून आवरतं घेते. ती अल्मेरे नावाच्या गावात राहते. ते गाव ज्या जमिनीवर आहे ती १९६८ सालापर्यंत पाण्याखाली होती! डच लोकांनी १९३२ साली समुद्राच्या एका फाट्याला मोठा बांध घातला, मग आत एकेक तुकडा बंदिस्त करून पाणी उपसलं आणि जमीन काढली. पहिले रहिवासी तिथे १९७६ साली आले. म्हणजे माझं माहेर जमिनीवरून पाण्याखाली गेलं आणि माझी नात पाण्याखालून वर आलेल्या जमिनीवर राहते. साधारण त्याच दशकातल्या गोष्टी. तिथून काही अंतरावर स्खोकलांड नावाचं एक ठिकाण आहे. पूर्वी ते बेट होतं. समुद्र कडा खात होता, लोक गरीब झाले होते, म्हणून १८५९ साली राजाने हुकूम काढून सगळ्यांना तिथून उठवलं. साडेसहाशेच्या आसपास माणसं. पुढे १९४२ साली भोवतालचं पाणीच उपसून टाकलं आणि बेट शेतांच्या मधोमध एक उंचवटा होऊन राहिलं. आता युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, १९९५ पासून. नात तिथे जाऊन आली. म्हणाली, "आजी, चर्च आहे, बंदराचे खांब आहेत, आणि बंदरासमोर बटाट्याचं शेत!" मी विचारलं, पाणी गेल्यावर ती माणसं परत आली का? ती म्हणाली, "नाही. ऐंशी वर्षांनी कोण येणार?"

हे सगळं एवढं लिहायचं कारण माझंही घर आता सुटायचं आहे. हे जाऊन सहा वर्षं झाली. गुडघे बोलू लागले आहेत. मुलगा आणि सून गेली तीन वर्षं म्हणत आहेत, पुण्याला चल. दिवाळीत घराला गिऱ्हाईकही आलं. मी हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. मुलाला वाटत होतं, आई हट्टी आहे. मला वाटत होतं, मला पुन्हा एकदा उठवत आहेत.

कार्यक्रमानंतर मात्र मला फरक नीट कळला. गाव उठलं तेव्हा तारीख दुसऱ्याने ठरवली होती. पाणी कधी सोडणार हे नोटिशीत होतं, आईला कोणी विचारलं नव्हतं. लग्नाचा मुहूर्तही माझ्या वडिलांनी काढला होता, मला सांगितला फक्त. या खेपेला तारीख मी ठरवणार आहे. मुलाला फोन करून तसं सांगितलं. तो आधी घाबरला, मग म्हणाला, "आई, तू म्हणशील तेव्हा."

तर तारीख ठरली आहे. या आखाजीला मी, मोठ्या वहिनी आणि गावातल्या जितक्या लेकी येतील तितक्या, जुन्या गावाच्या गाळपेरात जाणार आहोत. पाणी उतरलं असेल तर पाराच्या चौथऱ्यावर बसू, नसेल उतरलं तर काठावर बसू. पुरणपोळ्या घरून नेऊ, झोक्याला मात्र झाड शोधावं लागेल. नाना म्हणाले, मीही येतो, कोणाचं घर कुठे होतं ते तुम्हा बायांना नाहीतर कळायचं नाही. त्यानंतर महिन्याभरात मी जामनेरच्या घराची किल्ली देईन. देवघराचं दार तेवढं काढून पुण्याला नेणार आहे. फ्लॅटच्या चौकटीत ते बसणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

नातेवाईक मंडळींनो, ज्यांना आखाजीला यायचं आहे त्यांनी वहिनींना आधी कळवा, म्हणजे पुरण किती घालायचं ते ठरवता येईल. आणि येताना फोन चार्ज करून आणा. नातीने आवाज मागितले आहेत.